बिनगाठीची शिवण

मे २०, शोवा ६२ (१९८७)

चिगुसा,

तुझे पार्सल काल दुपारी पोचले. पांढरा झगा एक. शिंपल्याची बटणे बारा, त्यातले एक फुटके. लेस गुंडाळी करून, अंदाजे चार हात. तुझी चिठ्ठी, अर्ध्या पानाची. टपालखर्च नऊशे येन, तो पोस्टमनने माझ्याकडून घेतला, कारण तू पैसे न भरताच पाठवलेस. हे वहीत कुठल्या सदरात मांडावे ते कळेना. 'मुलगी' असे सदर गेल्या चार वर्षांत लागलेले नाही. शेवटी 'किरकोळ' खाली मांडले.

हवापाण्याने पत्र सुरू करायची रीत आहे, पण तुला ते वाचायचे नसते आणि मलाही आज लिहायचे नाही. तुझे वडील बरे आहेत. पार्सल आले तेव्हा ते खाचरात लावणीला गेले होते, म्हणून मला ते आतल्या खोलीत ठेवता आले. तू घर सोडून टोकियोला गेलीस तेव्हापासून तुझे नाव ते अजून घेत नाहीत. पण बातम्या ऐकताना 'टोकियोला पाऊस आहे म्हणे' असे म्हणतात, आणि मी 'हो' म्हणते.

तू लिहितेस, बटणांची काजे आईनेच करावीत, कारण तिकडे हाताने काज करणारी कुणी मिळत नाही आणि मशीनचे काज असल्या कपड्याला शोभत नाही. ऑगस्टमध्ये एका रविवारी तुम्ही चौघी मैत्रिणी हाराजुकूच्या त्या गाड्या बंद केलेल्या रस्त्यावर असले झगे घालून फिरणार, तोवर हवा. ठीक आहे. चिठ्ठीत माझी तब्येत विचारलेली नाही, तीही ठीक आहे.

झगा मी खिडकीत उजेडाला धरून पाहिला. उंच कॉलर, फुग्यांची बाही, पोटरीपर्यंत घेर. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांच्या मुली असले घालत, असे तू लिहितेस. माझ्या आजीकडे तिच्या शाळेतल्या मडमेचा फोटो होता, त्यात असाच होता. आजी स्वतः किमोनोवर चुण्यांचा, घागऱ्यासारखा हाकामा आणि त्याखाली बूट घालून शाळेत जाई, आणि तिच्या सासूने ते बूट पुढे विहिरीत टाकले. तेव्हा तुम्ही पोरी काही नवीन करता आहात असे समजू नका. कापड मात्र चांगले आहे, पुष्कळदा धुतलेले जुने मांजरपाट.

मग सवयीने मी झगा उलटा केला. शिवण नेहमी आतून बघावी.

चिगुसा, आत एकही गाठ नाही. दोरा सुरू होतो तिथे नुसते टोक आणि संपतो तिथेही नुसते टोक. उलट फिरवून घेतलेला एक टाका नाही, सगळा सरळ धावदोरा. कडा कातरीने कापलेल्या नाहीत, हाताने फाडलेल्या आहेत. आणि एकाच शिवणीत निरनिराळ्या हातांचे टाके आहेत. चार बायका चारी बाजूंनी एकदम शिवत आल्या की शिवण तशी दिसते.

हे तुम्हाला कुणी शिकवले? मी तुला सुई धरायला शिकवली तेव्हा सगळ्यांत आधी गाठ मारायला शिकवले होते.

काजे अजून केलेली नाहीत. उत्तर आले की पाहीन.

आई


जून ७

चिगुसा,

तुझे उत्तर आले. पाकीट जाड, तिकीट कमी, दहा येन मला भरावे लागले. या वेळी तक्रार नाही. चार पाने तू मला शाळेच्या सहलीवरूनसुद्धा कधी लिहिली नव्हतीस.

तेव्हा ही सोनो. वसंतात हाराजुकूच्या देवस्थानाजवळच्या पुलावर तुम्हाला भेटली. तिथे रविवारी सगळे नटूनथटून उभे राहतात. कुणी काळ्या कपड्यात, कुणी कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस उभे करून, कुणी राजवाड्यातल्या बाहुलीसारखे, असे तू लिहितेस. त्यात ही एक पट्ट्यापट्ट्यांच्या सुती किमोनोत, वर हाकामा, पायांत बटणांचे जुने बूट, आणि अंगावर एक वस्तू नवी नाही. पोरी तिला घेराव घालून विचारतात, 'कुठून घेतलंस?' आणि ती म्हणते, 'माझंच आहे.' त्यामुळे तिचा तुमच्यात फार मान आहे. तुम्ही शिवायला जमता त्या खोलीत ती येऊन बसते, स्वतःची सुई कधी आणत नाही, दुसरीची मागून घेते. आणि तुम्ही गाठ मारायला लागलात की म्हणते, 'नको गं, गाठ मारली की कापड रुसतं.'

आता मी काय लिहिते ते हसण्यावारी नेऊ नकोस.

तू ज्याला 'कच्ची शिवण' म्हणतेस, तसे आम्ही इथे शिवतो. फक्त एकाच कामाला शिवतो. गावात कुणी गेले की कान्नोनमाईच्या मंडळातल्या बायका त्या घरी जमतात आणि जाणाऱ्याचे पांढरे वस्त्र शिवतात. निरोपाचे वस्त्र. गाठ मारत नाहीत, म्हणजे जाणारा इथे अडकत नाही. टाका उलटा फिरवत नाहीत, म्हणजे तो मागे फिरत नाही. कातरी लावत नाहीत, फाडतात. आणि सगळ्याजणी एकदम शिवतात, म्हणजे ते काम एकटीच्या हातावर राहत नाही. तू हे पाहिलेले नाहीस, कारण त्या दिवशी मुलींना आम्ही बाहेर खेळायला पाठवतो. मी तीस वर्षे हे शिवते आहे. तुझ्या आजीच्या वस्त्रालाही माझा हात होता.

तुझा झगा मी तोकु आजींना दाखवला. मंडळात सगळ्यांत मोठ्या त्याच, तुला ठाऊक आहेत. त्यांनी चष्मा वर केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "कोण गेलं?"

मी म्हटले, "कुणी नाही, आजी. ही टोकियोची फॅशन आहे."

"कुणी गेलं नाही, तर शिवलं कशाला?"

शेजारची कियो तिथेच होती. ती म्हणाली, "सुएको, तुझी लेक एवढी टोकियोला जाऊन शेवटी आपलंच काम शिकली की. आपले मात्र कुणी फोटो काढत नाही."

देवळातल्या भटजीबुवांनाही विचारले. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "सुएको-सान, माझी नात फाटकी पँट विकत आणते. जितकी फाटकी तितके पैसे जास्त. तुम्ही गाठीचं काय घेऊन बसलात." ते शिकलेले आहेत, त्यांचे बरोबरही असेल. मी सकाळच्या पोथीनंतर कान्नोनमाईला विचारले. तिच्यासमोरही मला बरे वाटले नाही, हे खरे.

म्हणून सांगते. तुमचे चौघींचे झगे उसवा आणि गाठी मारून पुन्हा शिवा. शिवायला वेळ नसेल तर निदान प्रत्येक शिवणीच्या दोन्ही टोकांना एकेक गाठ मारा. तुझा माझ्याकडे आहे, तो मी पाहते. बाकी तिघींना सांग. 'माझी आई खेडवळ आहे' असे म्हणून सांगितलेस तरी चालेल.

आई


जुलै १२

चिगुसा,

वाळवलेले मशरूम, मुळ्याचे लोणचे आणि गेल्या वर्षीचे तांदूळ वेगळे पाठवले आहेत. झगा त्यात नाही. तो शोधू नकोस.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा रागाने. 'आई, तू नेहमीच माझ्या प्रत्येक गोष्टीत मेलेलं माणूस शोधतेस,' असे तू लिहिलेस. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या खालची ओळ दिसली. ती तू सहज लिहिल्यासारखी लिहिली आहेस. तुमच्यातल्या रुमिने फोटोसाठी आपला झगा आधीच घातला, आणि तेव्हापासून ती झोपूनच आहे.

ताप नाही, दुखत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. मधेच डोळे उघडते आणि आईला विचारते, 'गाडी आली का?' कुठली गाडी ते सांगता येत नाही. तुम्ही मैत्रिणी तिला हसलात, असेही तू लिहितेस. तू हसली नसशील. हसलीस तर असे मला लिहिले नसतेस.

रुमिच्या आईला भेट. तिला फॅशनचे काही सांगू नकोस. तिला एवढेच सांग की झगा आतून उलटा करा, हातात सुई घ्या आणि दिसेल त्या टोकाला गाठ मारा. आई आहे, ती 'का' म्हणून विचारत बसणार नाही.

तुझा झगा मी उसवायला घेतला आहे. बिनगाठीचा दोरा ओढला की सरकन निघून येतो, हातात काही लागत नाही. मला ते आवडत नाही. पण काम करते आहे.

टेलिफोन करणार होते. पण घरमालकीणबाईंकडे टेलिफोन फक्त कुणी गेले तरच करायचा, असे तूच जाताना बजावले होतेस. माझ्या हातून तो नंबर फिरवला जात नाही.

आणि हे शेवटचे. 'तू देत नसशील तर सोनो येऊन घेऊन जाईल, ती तिकडच्याच बाजूची आहे,' असे तू लिहितेस. तिला पाठवू नकोस. मी काय म्हणते ते नीट वाच. तिला इकडे पाठवू नकोस.

आई


ऑगस्ट ५

चिगुसा,

तुझे कार्ड मिळाले. रुमि उठून बसली, पेज मागितली, आईवर ओरडली. छान. ओरडली हे वाचून मला जास्त बरे वाटले. तिच्या आईला माझा नमस्कार सांग. बाकी दोघींच्या आयांनीही घाबरून गाठी मारल्या, हेही बरे झाले. मी तोकु आजींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणजे टोकियोतही सुया आहेत."

आता इकडचे. सोनो आली होती.

परवा दुपारी आली. पावसाची झड होती, बस आली नव्हती, आणि ती दारात उभी. तू लिहिलेस तशीच. पट्ट्यांचा किमोनो, हाकामा, बटणांचे बूट. बूट कोरडे होते. चिगुसा, मी भ्यायले नाही असे लिहीत नाही. पण तुझ्यापेक्षा वीतभर बुटकी, तेरा-चौदाची पोर, दारात वाकून 'येऊ का' म्हणून विचारते. तिला उंबऱ्याबाहेर कसे ठेवायचे? आठवड्यावर पितरांचा ओबोन आलेला. या दिवसांत आपण ज्यांना दिवा लावून बोलावतो, ती काही सगळी आपल्याच घरची येत नाहीत, असे माझी आई म्हणायची.

मी तिला बसायला गादी दिली, चहा दिला, तांदळाची गोड मोचि दिली. विचारले, "चिगुसाने पाठवलं?"

"नाही काकू. तिनं पत्ता दिला नाही. पार्सलवर होता, मी वाचला."

"वाचता येतं?"

"मोठी अक्षरं येतात."

"झगा न्यायला आलीस? तो मी उसवला. आता त्याला गाठी आहेत."

तिने मान खाली घातली. रागावली नाही. म्हणाली, "मला माहीत आहे. रुमिच्यालाही झाल्या. सगळ्यांच्या आयांनी मारल्या."

मग मी सरळच विचारले. असे कुणाला विचारायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे शब्द कसे जुळवावेत तेही कळेना. "बाळ, तुला या पोरींचं काय करायचं होतं?"

"काही नाही. मी त्यांना शिवायला शिकवलं. वाटलं, चौघी आहेत, सगळ्याजणी शिवतात, एखादी म्हणेल की सोनो, आता तुझा शिवू. पण चौघींनी मिळून आपले चारच शिवले."

ती या बाजूचीच. गावाचे नाव सांगितले ते आता धरणाखाली आहे. ऐंशी वर्षांपूर्वी सूतगिरणीत कामाला गेली, तेव्हा तेरा वर्षांची होती. पुढे काय झाले ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. एवढेच म्हणाली की उन्हाळा होता, घाई होती, आणि कुणी निरोपाचे वस्त्र शिवले नाही. तेव्हापासून ती जाता जात नाही. "इतकी वर्षं मी कुठं उभी राहिले तरी लोक वळून बघायचे, मग घाबरायचे. या पुलावर कुणी घाबरत नाही. कुठून घेतलंस, एवढंच विचारतात."

मी तिला सांगितले, "बस इथे. मी आले."

छत्री घेऊन मी तोकु आजींकडे गेले, मग कियोकडे, आणखी दोघींकडे. कान्नोनमाईच्या देवळात भर दुपारी आम्ही बसलो. सोनोला मी घेऊन आले. ती उठली तेव्हा माझे लक्ष गादीकडे गेले. बसल्याचा खळगा नव्हता, इस्त्री केल्यासारखी सपाट होती. चहा काठोकाठ तसाच होता. मोचि मात्र खाल्लेली होती.

आजींनी नेहमीप्रमाणे विचारले, "कुणाची गं तू?"

"आता कुणाचीच नाही."

"बरं. मग आमचीच म्हण." आणि दोरा ओवायला लागल्या.

आजींना आपला साधा किमोनो शिवायचा होता. सोनो हळूच म्हणाली, "मला त्यांच्यासारखा हवा. फुग्यांची बाही. आणि खाली झालर."

कियो म्हणाली, "निरोपाच्या वस्त्राला झालर? वर काय नाचायला बोलावलंय?"

"त्या सगळ्यांना आहे," सोनो म्हणाली.

"कियो, तुला नको तर तू नको लावू," आजी म्हणाल्या. "पोरीला हवी आहे. तिची वाट बघण्यात ऐंशी वर्षं गेली, झालरीला अर्धा तास जाईल."

कापड माझ्याकडचे. तुझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पेटीतले धुवट मांजरपाट. ते असे खर्ची पडेल असे वाटले नव्हते, पण पेटीत पिवळे पडत होते. वहीत 'देवधर्म' खाली मांडले. मापे कियोने घेतली. प्रत्येक मापानंतर ती हात एप्रनला पुसत होती, जणू बर्फाला हात लागला. ती आकडे सांगत गेली, मी कापड फाडत गेले, चौघींनी चार बाजूंनी शिवायला घेतले. खांदे आणि गळा माझ्याकडे दिले, कारण झगे शिवायची सवय मलाच, तुझ्यामुळे. सगळा बिनगाठीचा. झालर कियोनेच लावली, आणि सर्वांत सुंदर लावली.

शिवताना कियो नवऱ्याच्या घोरण्याच्या गोष्टी सांगत होती. सोनो तोंडावर हात धरून हसत होती. मला वाटले, हिला असे बायकांत बसून हसायला मिळाले नसेल.

झाल्यावर ती म्हणाली, "घालून बघू?"

"नाही," आजी म्हणाल्या. "हे घालून बघत नाहीत. जायच्या वेळी एकदाच घालायचं." घडी करून कागदात बांधून दिला. तिने डोके जमिनीला टेकवून नमस्कार केला, आणि बस नसताना रस्त्याने चालत गेली. गावच्या पुलापर्यंत पाहिली. पुढे पाऊस दाट होता.

त्या संध्याकाळी मी पुष्कळ दिवसांनी भरपेट जेवले. तुझे वडील म्हणाले, "आज काय आहे?" मी म्हटले, "काही नाही."

तुझा झगा गाठी मारून, काजे करून तयार आहे. ओबोन झाला की पाठवते. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी घाल.

आई


ऑगस्ट १४. तातडीच्या टपालाने

चिगुसा,

हे पत्र हातात पडताच उभ्या उभ्या वाच. तातडीच्या टपालाला जास्तीचे पैसे लागले, किती ते मांडलेले नाही.

तुझे कार्ड आज सकाळी मिळाले. मी ते इथे उतरवून काढते, म्हणजे मी काय वाचले ते तुला कळेल. 'आई, सोनो झगा घेऊन आली. म्हणाली, तिला मोठा होतो, तुझ्या मापाचा आहे, तूच घे. मी अंगाला लावून पाहिला आणि रडले. डावा खांदा बोटभर उतरता आहे. माझा खांदा तसा आहे हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत? तू रागावलीस आणि तरी माझ्यासाठी गुपचूप शिवलास. झालर तर स्वर्ग आहे. अजून घातला नाही. रविवारी पुलावर घालीन, आणि नशिबाने फोटो चांगला आला तर तुला पाठवीन. आई, मी वाईट बोलले होते, ते विसर.'

चिगुसा, तो झगा तुझ्यासाठी शिवलेला नाही.

कियोने मापे त्या पोरीचीच सांगितली होती. मी ऐकली होती. पण खांदे शिवताना मी कियोच्या गोष्टीला हसत होते, आणि हात आपल्या वळणाने गेले. पेंढ्याच्या माळ्यावरून पडून तुझे हाड मोडले, त्याला पंधरा-सोळा वर्षे झाली. तेव्हापासून या हातांनी तुझ्याशिवाय कुणाच्या झग्याचा खांदा शिवलेला नाही. कापडही मी तुझ्याच अंगाच्या अंदाजाने फाडले असणार. कियो म्हणते, 'मला लांबी जास्त वाटली होती, पण म्हटलं, पोर आहे, वाढेल.' काय बोलून बसली ते तिला नंतर कळले, आणि ती माझ्या ओट्यावर बसून रडली.

आणि आम्ही तिला घालून बघू दिला नाही. रीत म्हणून. बघू दिला असता तर तिथेच कळले असते.

सोनोने फसवले असे मी म्हणत नाही. तिला तिच्या मापाचा मिळाला नाही. जिच्या मापाचा होता तिला तिने नेऊन दिला. तिने आपले नीतीनेच केले. पण तुझ्या तिघी मैत्रिणींच्या झग्यांत निदान त्यांचेच हात होते. हा तुझ्या आईने तुझ्या मापाचा, कान्नोनमाईसमोर, मंडळातल्या बायकांना घेऊन शिवला आहे. याहून नीट असे वस्त्र मी आयुष्यात शिवले नाही. म्हणून तो घालू नकोस. एक हातही त्यात घालू नकोस. परवा रविवार, तारीख सोळा, इथे आम्ही निरोपाची शेकोटी पेटवून आलेल्यांना परत पाठवतो. त्या दिवशी तर अजिबात नाही.

सकाळी मी तो टेलिफोन केला. घरमालकीणबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं बाई, कोण गेलं?" मी म्हटले, "कुणी नाही, कुणी नाही." तू रुमिच्या घरी आहेस, कपडे घ्यायला शनिवारी येशील, असे त्या म्हणाल्या. रुमिचा पत्ता त्यांना ठाऊक नाही, मलाही तू कधी दिला नाहीस. त्यांनी तुझ्या दारावर चिठ्ठी लावली आहे. हे पत्रही त्या दाराखालून सरकवतील.

तोकु आजींनी आज पुन्हा बायका जमवल्या आहेत. सोनोच्या खऱ्या मापाचा शिवतात. कियो कापड फाडते, खांदेही तीच शिवते. मला सुईला हात लावू देत नाहीत, दाराशी बसवून ठेवले आहे. झाला की सोळा तारखेच्या शेकोटीत घालणार, म्हणजे तिला मिळेल.

मग मी तुझ्या वडिलांना सगळे सांगितले. पार्सलपासून. ते खाचरातून आले होते, पाय धुतलेले नव्हते. ऐकून घेतले. मला वाटले, आता 'बायकांचं काहीतरी' म्हणून उठतील. ते पायांवरचा चिखल खरवडत म्हणाले, "चिगुसाला त्या गर्दीत शोधायचं कुठं?"

चिगुसा म्हणाले. मी चुकून ऐकले असे नाही.

ते पहाटेच्या गाडीने निघतील, कोरियामा स्टेशनात गाडी बदलून. शनिवारी तुझ्या खोलीवर येतील. तिथे भेटली नाहीस तर रविवारी सकाळपासून देवस्थानाजवळच्या पुलावर उभे राहतील. तपकिरी टोपी, लग्नाचा काळा कोट, तो त्यांना आता घट्ट होतो. मी म्हटले, "तिथे शेकडो पोरी असतात, सगळ्या असलेच कपडे घालून. चार वर्षांनी तुम्ही तिला कशी ओळखणार?" ते म्हणाले, "खांद्यावरून."

तू त्यांना आधी पाहिलेस तर लपू नकोस. मैत्रिणी हसतील, हसू देत. आणि हे पत्र उशिरा पोचले, झगा अंगावर चढलाच असला, तर काढायची घाई करू नकोस, ओढून फाडूही नकोस. जिथे आहेस तिथे थांब आणि त्यांना पाठीमागे उभे राहू दे. त्यांना सुईतले काही कळत नाही, पण भाताच्या पेंढीची गाठ त्यांच्याएवढी घट्ट या गावात कुणाची बसत नाही. मी त्यांना दोरा ओवून दिला आहे आणि कुठे टोके सुटी आहेत ते माझ्याच पोलक्यावर दाखवले आहे. एक गाठ बसली तरी पुरे. मग 'गाडी आली का' असे मनात आले तरी उत्तर देऊ नकोस. आली नाही. वडील आले आहेत.

सोबत जोडकार्ड ठेवले आहे. परतीच्या अर्ध्या भागावर आपला पत्ता मी लिहिला आहे, तिकीट छापलेलेच आहे, तुला काही खर्च नाही. उलट टपाली कळव. वाचलेस, घातलास की नाही, वडील भेटले की नाही. एवढे लिहायला जमले नाही तर नुसते नाव लिही. अक्षर मी ओळखते.

आई